चालू प्रत कोणती?



या मालेत आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, संस्थानी इतिहासावर बोलणारी मोठी माणसे येऊन गेली. यंदा मंडळाने एका स्थापत्य अभियंत्याला बोलावले आणि विषयही त्याच्या धंद्यातलाच दिला : बांधकामातली संगणकीय माहिती कशी सांभाळावी आणि त्याने धोका कसा टळतो. मी प्रथम नकोच म्हणालो. पण समोर बसलेल्यांपैकी निदान निम्म्यांचे आजोबांच्या वेळचे घर एक तर पाडून झाले आहे किंवा पाडायच्या बेतात आहे, आणि त्या जागी सहा-आठ मजली इमारत येते आहे. तेव्हा हा विषय आपल्याही घरचाच आहे.

आपल्या बडोद्यात लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आहे. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा करणारे मेजर चार्ल्स मँट यांना शेवटी शेवटी वाटू लागले की आपली गणिते चुकली, राजवाडा कोसळणार, आणि त्या धास्तीने त्यांनी आयुष्य संपवले. ही दंतकथा म्हणूनच घ्यावी. पण तिच्या मागची साधी हकीकत खरी आहे. मँट १८८१ साली वारले तेव्हा काम चालू होते. पुढे रॉबर्ट चिझम यांनी ते हाती घेतले आणि १८९० साली राजवाडा पुरा झाला. तो आजही उभा आहे, गणिते चुकली नव्हती. मला त्या गोष्टीत मँट यांच्या धास्तीपेक्षा चिझम यांची अडचण जास्त जवळची वाटते. दुसऱ्याने अर्धवट सोडलेली इमारत ताब्यात आली आहे, मूळ माणसाला विचारण्याची सोय नाही. त्याने कागदावर जे ठेवले असेल तेवढ्यावरच पुढे जायचे.

चिझम यांची ही स्थिती त्या काळी अपवाद असेल, आज ती रोजची आहे. आजच्या इमारतीत कोणीही एक माणूस सगळे जाणत नाही. वास्तुविशारद एक, आरसीसी सल्लागार दुसरा, लिफ्टवाला, प्लंबिंगवाला, विजेचा ठेकेदार, सळई वळवून देणारा, काच बसवणारा, आणि सगळे झाल्यावर ताबा घेणारी सोसायटी. नकाशे शेकड्यांनी असतात आणि प्रत्येक नकाशा तीन-चार वेळा तरी बदलतो. माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काय सांडते यावर पुष्कळ काही ठरते. गणित चुकल्यामुळे होणारे अपघात लोकांना समजतात. माहिती सांडल्यामुळे होणारे अपघात बहुधा ‘निकृष्ट काम’ या एका शब्दात बुजून जातात.

याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅन्सास सिटी या शहरात हयात रीजन्सी हॉटेलच्या प्रशस्त दालनात छतापासून लोखंडी दांड्यांनी टांगलेले पादचारी पूल होते. दुसऱ्या मजल्याच्या पातळीवरचा पूल बरोबर चौथ्या मजल्याच्या पुलाखाली होता. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी खाली नृत्याचा कार्यक्रम चालला होता, गर्दी होती, पुलांवरही माणसे उभी होती. चौथ्या मजल्याचा पूल निसटला, दुसऱ्यावर आदळला आणि दोन्ही खालच्या गर्दीवर पडले. ११४ माणसे गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

मूळ आराखड्यात एकच लांब दांडा छतापासून निघून चौथ्या मजल्याच्या तुळईतून आरपार खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचा होता. प्रत्येक तुळईखाली एक नट, आणि त्या नटावर तेवढ्याच पुलाचे ओझे. करायला ही गोष्ट अडचणीची होती. मधला नट चढवायचा तर दांड्याला खालपासून तिथपर्यंत आटे पाडावे लागणार, आणि उचल-ठेव करताना ते खराब होणार. म्हणून पोलादाचे काम करणाऱ्यांच्या बाजूने एक सोपी सूचना आली : एका लांब दांड्याऐवजी दोन आखूड दांडे घ्यावेत. एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्यापासून खाली दुसऱ्यापर्यंत.

दोन माणसे विहिरीत एकाच दोरखंडाला धरून लोंबकळत आहेत असे समजा. वरच्या माणसाच्या हातांवर त्याचेच वजन आहे, खालच्याच्या हातांवर खालच्याचे. आता खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले तर? दोरावरचे ओझे तेवढेच राहिले, पण वरच्याच्या मुठीवर दोघांचे वजन आले. नेमके तेच झाले. चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. पुढे सरकारी चौकशीत असे दिसले की मूळचा जोडही शहराच्या नियमांना लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्के होता. बदलानंतर तो ३० टक्क्यांवर उतरला.

हा बदल चोरून झाला नव्हता, तो कागदावर होता. फेब्रुवारी १९७९ मध्ये कारखान्याकडून ४२ नकाशे अभियंत्यांच्या कचेरीत आले, त्यांतच हाही होता. दहा दिवसांत ते तपासल्याचा शिक्का घेऊन परत गेले. पोलादवाले पुढे म्हणाले, आम्ही फोन करून विचारले होते. अभियंते म्हणाले, असा फोन आलाच नाही. फोन झाला की नाही हे आजही कागदावर नाही. जबाबदार अभियंत्यांचे त्या राज्यातले परवाने गेले.

मी नवशिक्या अभियंत्यांना हे उदाहरण देतो तेव्हा ते लगेच दांड्याचे गणित मांडायला घेतात. मी त्यांना फोनकडे बघायला सांगतो. बदल कोणी सुचवला, कोणत्या कारणाने, कोणी तपासला, काय तपासले आणि कधी, या पाच गोष्टी एका जागी लिहिलेल्या असत्या तर ते गणित कोणीतरी मांडलेच असते. फार अवघड नव्हते ते. शिक्का होता, पण शिक्क्याला नेमके कशाचे उत्तर द्यायचे आहे हेच ठरलेले नव्हते.

आपल्या मंडळात पोथ्यांचे जाणकार आहेत, त्यांना यातला मुद्दा माझ्याहून चांगला कळेल. ज्ञानेश्वरीच्या नकला होत गेल्या, त्यांत पाठभेद शिरले, आणि नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. यात कोणी आपली ओवी घालू नये असेही बजावून ठेवले. बांधकामाच्या जागेवर आम्हाला नेमका हाच त्रास असतो. एकाच नकाशाच्या पाच प्रती फिरत असतात आणि त्यांतली चालू कोणती ते कळत नाही. पोथीतल्या पाठभेदावर अभ्यासक लेख लिहितात. स्लॅबमधल्या पाठभेदावर काँक्रीट ओतले जाते आणि मग तो कोणालाच दिसत नाही.

संगणक आल्यावर हा त्रास संपेल असे आम्हाला वाटले होते. माझ्या उमेदवारीच्या काळात नकाशाची अमोनिया प्रिंट निघायची. कचेरीत त्या वासाने डोळे चुरचुरत. प्रिंट काढायला वेळ लागे, पैसे लागत, म्हणून मोजक्याच निघत आणि कोणाकडे कोणती गेली याची वही असे. नवा नकाशा आला की जुना परत मागवायचा आणि त्यावर ‘रद्द’ म्हणून लाल रेघ मारायची. आता नक्कल फुकट झाली. ई-मेलला जोडली, पेनड्राइव्हवर घातली, फोनवर पाठवली, प्रत्येक वेळी एक प्रत वाढली आणि परत मागवण्याची पद्धत मात्र गेली. एका कामावर मी संगणकात डोकावलो तर तीन फाइली शेजारी शेजारी होत्या. एकीचे नाव ‘फायनल’, दुसरीचे ‘फायनल नवीन’, तिसरीचे ‘फायनल नवीन खरी’. मी हसलो, पण काम त्यांतल्या दुसरीवर चालले होते.

याच प्रकारचा एक अनुभव सांगतो. जागेचे आणि माणसांचे नाव नको. एका निवासी इमारतीत बाल्कनी आधी १.२ मीटर बाहेर काढायची होती. ग्राहकांची मागणी म्हणून वास्तुविशारदाने ती १.५ मीटर केली. आरसीसी सल्लागाराने त्याप्रमाणे वरच्या सळया जाड केल्या, लांब केल्या आणि नवा नकाशा ई-मेलने धाडला. सेंटरिंगच्या सुताराला नवे माप मिळाले. सळई बांधणाऱ्या फिटरला मात्र साइटवरच्या मुलाने आधीच्या नकाशाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. फोटोत हवा तेवढाच भाग घेतलेला. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट, जिच्यात नकाशाचा क्रमांक, तारीख आणि कितवी दुरुस्ती हे लिहिलेले असते, ती फोटोत आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचे. संध्याकाळी फिटर माझ्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, सळिया टूंका पडे छे.” फूटभर कमी पडत होत्या.

त्या माणसामुळे ती बाल्कनी वाचली. मात्र त्या रात्री मला वेगळ्याच विचाराने झोप आली नाही. लांबी न बदलता फक्त जाडी बदलली असती, आठच्या जागी दहाची सळई आली असती, तर कोणाच्याही लक्षात आले नसते. सळई जागेवर बरोबर बसली असती. बाल्कनीतली मुख्य सळई स्लॅबच्या वरच्या अंगाला असते, ती कमी पडली तर बाल्कनी लगेच पडतेच असे नाही. आधी वाकते, भिंतीपाशी वरून बारीक चीर जाते, तिच्यातून पावसाचे पाणी उतरते, आणि दहा-पंधरा वर्षांनी कोणीतरी कुंड्या मांडते.

उपाय काय? उपाय आहे, आणि जगभर तो आता नियमांत बसवलेला आहे. ब्रिटनने केंद्र सरकारच्या बांधकामांना संगणकीय प्रतिरूपावर काम करण्याची पद्धत २०१६ पासून सक्तीची केली. तिथल्याच अनुभवातून २०१८ साली आयएसओ १९६५० ही आंतरराष्ट्रीय मानके निघाली. हे नाव ऐकून घाबरू नका. त्यांतली मुख्य कल्पना कोणत्याही नीट चाललेल्या देशी पेढीला ओळखीची वाटेल. प्रकल्पाची सगळी माहिती एकाच सामाईक कोठारात ठेवायची, आणि त्या कोठाराला चार खण. पहिल्या खणात ज्याचे त्याचे चालू, कच्चे काम असते. ते इतरांनी पाहायचे नाही, कारण ते अजून बोलण्याजोगे नाही. तपासून झाल्यावर ते दुसऱ्या खणात येते, तिथे इतर सल्लागार ते पाहतात आणि आपल्या कामाशी ताडतात, पण त्यावर बांधकाम करायचे नाही. मान्यता मिळाली की तिसरा खण, आणि साइटने फक्त याच खणातून घ्यायचे. चौथा खण दप्तराचा. बाद झालेली प्रत पुसायची नाही, तिथे ठेवायची, म्हणजे काय होते, काय झाले आणि कोणी केले ते मागाहूनही कळते.

प्रत्येक फाइलीच्या नावातच प्रकल्प, कोणी काढली, कोणत्या मजल्याची, कोणत्या प्रकारची आणि क्रमांक हे सगळे असते. शेजारी दोन खुणा : कितवी दुरुस्ती, आणि ही कशासाठी वापरायची. या दुसऱ्या खुणेचे महत्त्व आपल्याकडे फार कमी लोकांना पटले आहे. नकाशा बरोबर असू शकतो आणि तरीही तो चर्चेसाठी दिलेला असू शकतो. चर्चेसाठी दिलेल्या नकाशावर पाया खोदला गेलेला मी पाहिला आहे.

तीन मितींच्या संगणकीय प्रतिरूपाचा बोलबाला मोठा आहे. त्याचा खरा उपयोग असा की तुळईतून जाणारा सांडपाण्याचा पाइप बांधायच्या आधीच पडद्यावर लाल दिसतो. नाहीतर तो स्लॅब झाल्यावर दिसतो, आणि मग प्लंबर ड्रिल घेऊन तुळईला भोक पाडतो. पण महागडे सॉफ्टवेअर घेऊन त्यात जुनाच नकाशा भरला तर जुनी चूक रंगीत दिसते एवढेच. माझे मत स्पष्ट आहे : लहान कामावर शिस्तीने लावलेला एक सामाईक फोल्डर आणि त्याची एक वही, बेशिस्त प्रतिरूपापेक्षा केव्हाही बरी.

माहिती सांभाळण्याचे काम बांधकामाबरोबर संपत नाही, आणि इथेच आपण सगळे रहिवासी म्हणून यात येतो. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली निवासी इमारतीला १४ जून २०१७ च्या पहाटे आग लागली आणि ७२ माणसे मृत्यू पावली. आग चौथ्या मजल्यावरच्या एका शीतकपाटापासून निघाली. ती सगळ्या इमारतीवर चढली ती बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे, आणि ते आवरण १९७४ च्या मूळ इमारतीत नव्हते, वर्षभरापूर्वी संपलेल्या नूतनीकरणात बसवलेले होते. त्यानंतर ज्युडिथ हॅकिट यांच्या समितीने इंग्लंडच्या बांधकाम-नियमांची तपासणी केली. मे २०१८ च्या अहवालात त्यांनी ‘सोन्याचा धागा’ असा शब्द वापरला. आराखड्यापासून वापरापर्यंत आणि पुढच्या प्रत्येक फेरफारापर्यंत इमारतीची माहिती एका अखंड धाग्यासारखी चालत राहिली पाहिजे, ती संगणकीय असावी, ताजी असावी आणि तिला धनी असावा. २०२२ च्या कायद्याने ते तिथे बंधनकारक झाले. १८ मीटर किंवा ७ मजले आणि त्याहून उंच निवासी इमारतींना हा धागा राखावा लागतो, आणि त्याची जबाबदारी ठरावीक व्यक्तीवर असते.

चौकशी आयोगाच्या २०१९ च्या पहिल्या अहवालातली एक शिफारस मला फार पटली. उंच इमारतीच्या मालकाने मजल्यांचे नकाशे अग्निशमन दलाला संगणकीय रूपात द्यावेत, कागदावरही द्यावेत, आणि एक कागदी प्रत इमारतीतल्या पेटीत ठेवावी. एवढी संगणकाची चर्चा करूनही शेवटी कागद आणि पेटी. बंबवाल्याला रात्री तीन वाजता पासवर्ड विचारता येत नाही.

आता आपल्याकडे. २०१६ च्या रेरा कायद्याने घर घेणाऱ्याला काही आधार दिला आहे. मंजूर नकाशा आणि इमारतीचा आराखडा बदलायचा तर घर घेतलेल्यांपैकी निदान दोन-तृतीयांश जणांची आधी लेखी संमती लागते. ताब्यानंतर ५ वर्षांच्या आत बांधणीतला दोष दिसला आणि तो कळवला तर बांधकाम करणाऱ्याने ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर आवश्यक कागद आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेकडे सुपूर्द करण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. पण आपण ताबा घेताना काय पाहतो? फरशी, नळ, मॉड्यूलर किचन. सोसायटीच्या पहिल्या सभेत नकाशांचा विषय निघालेला मी क्वचितच ऐकला आहे. लिफ्टच्या वॉरंटीचा हमखास निघतो.

पुढे दहा वर्षांनी तळमजल्यावरचा कोणी दुकानासाठी भिंत पाडायला काढतो. ती भिंत नुसती आडोशाची आहे की भार पेलते आहे? गच्चीवर पाण्याची वाढीव टाकी बसवायची आहे, त्याखालची तुळई किती पेलेल? स्नानगृहाची गळती शोधायची आहे, पाइप कुठून गेला आहे? सल्लागाराला बोलावले की तो पहिला प्रश्न नकाशांचा विचारतो, आणि सगळे एकमेकांकडे पाहतात. बांधकाम करणाऱ्याची फर्म बंद झालेली असते, सल्लागार वारलेला असतो, ई-मेल ज्याच्याकडे आली होती तो मुलगा दुबईत असतो. मग आम्ही यंत्रे लावून काँक्रीटमधली सळई हुडकतो. त्यात खर्च आहे, आणि हाती येते ते अंदाजाने. वीस वर्षांपूर्वी कोणाच्या तरी संगणकात ते नेमके होते.

म्हणून ज्यांच्या जागी नवी इमारत येते आहे त्यांच्याशी दोन शब्द. करारनामा करतानाच लिहून घ्या की ताब्याच्या वेळी मंजूर नकाशांशिवाय प्रत्यक्षात झालेल्या कामाचे नकाशे मिळतील, कारण या दोहोंत नेहमी फरक असतो. त्यांत आरसीसीचे नकाशे सळयांच्या तपशिलासह हवेत, मातीचा तपासणी अहवाल हवा, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचण्यांचे निकाल हवेत, आणि प्लंबिंग व विजेच्या वाटा हव्यात. ताब्यानंतर मागू म्हणाल तर मिळणार नाही. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी मागा. फाइली पीडीएफमध्ये घ्याच, आणि मूळ संगणकीय नकाशेही मागा. पीडीएफ कोणत्याही फोनवर उघडतो, मूळ नकाशा पुढच्या अभियंत्याला मोजायला लागतो. सोसायटीच्या नावाचे स्वतंत्र ई-मेल खाते काढा, सचिवाच्या खाजगी खात्यावर काही ठेवू नका. सचिव बदलतो. एक प्रत दोन वेगळ्या ठिकाणी, आणि एक पूर्ण संच कागदावर, सोसायटीच्या कपाटात, वाळवीपासून उंच.

आणि त्या कपाटात एक साधी वही. कोणी भिंत हलवली, कोणी टाकी वाढवली, कोणी खिडकीचे दार केले, कोणत्या तारखेला, कोणाला विचारून. प्रत्येक नोंदीखाली सही. ही वही सुरू करायला कुठलेही सॉफ्टवेअर लागत नाही, आणि ज्या सोसायटीत ती आहे तिथे सल्लागाराची फी मी स्वतः कमी घेतो.